हृदयपेशीतील कॅल्शियम: ठिणगी आणि लाट

बेडकाचे वेगळे काढलेले हृदय नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात धडधडत राहते, पण तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात बनवले तर ते लवकरच थांबते, असे लंडनच्या सिडनी रिंगर यांना १८८३ साली आढळले. फरक होता तो नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. कॅल्शियमचे महत्त्व असे लवकर कळले, परंतु पेशीच्या आत तो सर्वदूर कसा पोहोचतो याचा उलगडा व्हायला आणखी शंभरेक वर्षे गेली.

अडचण अंतराची आहे. निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, एक स्नायुपेशी साधारण १०० मायक्रोमीटर लांब असते आणि आकुंचनासाठी तिच्या प्रत्येक भागातील कॅल्शियम जवळजवळ एकाच क्षणी वाढावे लागते. आत शिरलेले कॅल्शियम आयन मात्र वाटेतल्या प्रथिनांना चिकटत राहतात, त्यामुळे दूरवर जायला त्यांना फार वेळ लागतो.

यावर पेशीने शोधलेला तोडगा म्हणजे कॅल्शियमला लांब पाठवायचेच नाही. पेशीचे बाह्यपटल जागोजागी आत वळून बारीक नलिका तयार करते, साधारण दर दोन मायक्रोमीटरवर एक, आणि विद्युत स्पंद त्यांतून काही सहस्रांश सेकंदांत खोलवर जातो. तेथील कॅल्शियमच्या मार्गिका उघडून थोडेसेच कॅल्शियम आत येते. समोर, अवघ्या १२ ते १५ नॅनोमीटरवर, पेशीतील कॅल्शियमचे कोठार असते. त्याच्या पटलावरील रायनोडीन ग्राही नावाची, झडपेसारखी प्रथिने या थोड्याशा कॅल्शियमनेच उघडतात आणि कितीतरी जास्त साठा बाहेर सोडतात. अशा एका गटाचे उघडणे चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी १९९३ साली कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली टिपले: जेमतेम दोन मायक्रोमीटर रुंदीची, काही शतांश सेकंदांत विझणारी चमक, जिला त्यांनी ‘कॅल्शियम ठिणगी’ म्हटले. प्रत्येक ठोका म्हणजे अशा हजारो ठिणग्या एकदम पडणे. खरे तर पसरते ती वीज. कॅल्शियम जागच्या जागी सुटतो आणि पंप त्याला लगेच कोठारात परत ओढून घेतात.

कॅल्शियम स्वतः पसरू लागला, तर ते बहुधा बिघाडाचे लक्षण असते. कोठार प्रमाणाबाहेर भरले किंवा ग्राहींतून कॅल्शियम गळू लागला, की एक ठिणगी शेजारची ठिणगी पेटवते आणि सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर वेगाने लाट सरकते. म्हणजे पेशी ओलांडायला तिला जवळपास एक सेकंद लागतो, एका ठोक्यापेक्षाही जास्त. धोका या संथपणात नाही. एक कॅल्शियम आयन बाहेर काढताना पेशी तीन सोडियम आयन आत घेते, त्यामुळे आतला धनभार वाढतो आणि अवेळी ठोका सुरू होऊ शकतो.

रायनोडीन ग्राहीच्या जनुकात आनुवंशिक दोष असलेल्या काही व्यक्तींना व्यायामाच्या किंवा तीव्र भावनेच्या वेळी नेमके हेच होते, आणि विश्रांतीच्या वेळी काढलेला त्यांचा ईसीजी अनेकदा अगदी निर्दोष दिसतो. अशा वेळी स्रवणारे ॲड्रिनॅलिन कोठार भरण्याचा वेग वाढवते, म्हणून त्यांच्या उपचारात त्याचा परिणाम रोखणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांना पहिले स्थान आहे.