रेडा, म्यूर आणि बेथेल: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेवरच्या शंकांची पार्श्वभूमी

चमत्काराला पुरावा मानायचे की नाही, हा प्रश्न मराठवाड्यात ख्रिस्ती प्रचारक येण्याच्या कितीतरी आधी निकालात निघाला होता. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाचे देऊळ फिरले, हे घरोघर माहीत होते. त्यामुळे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे ऐकून इथला श्रोता ‘असे कसे होईल?’ म्हणत नसे. ‘बरे, मग?’ हा त्याचा प्रश्न. अविश्वासापेक्षा प्रचारकाला हा प्रश्न जड जायचा.

कारण त्या काळी चमत्कार हा प्रचारकांचा हुकमी पुरावा होता. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ लिहिला. खरे शास्त्र ओळखण्याच्या त्याच्या कसोट्यांत पहिली होती धर्मसंस्थापकाचे चमत्कार. पुढच्या पावित्र्य आणि सार्वत्रिकता. गंमत अशी की त्याच्याच देशातल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये लिहून ठेवले होते, की परस्परविरोधी धर्म आपापले चमत्कार पुढे करतात तेव्हा एकाचा पुरावा दुसऱ्याचा पुरावा खोडतो. ह्यूमला हे तर्काने मांडावे लागले. गोदाकाठी त्यासाठी ग्रंथाची गरज नव्हती.

म्यूरला सविस्तर उत्तर देणाऱ्यांत एक मराठी तरुण होता. नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीकडचा; वाढले काशीत. वयाच्या विशीच्या आत त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्यातल्या शंका आजही शिळ्या झालेल्या नाहीत. पूर्वजन्म नाही म्हणता, तर एक आंधळा आणि एक डोळस का जन्मतो? प्रत्येक जीव देवाने नव्याने घडवला असेल, तर ही विषमता थेट देवाच्या माथी येते. जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती दुःख भोगतात? चार दिवसांच्या पापाला अनंतकाळचा नरक, हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्ताकडे याची उत्तरे आहेत, तुमच्याकडे काय आहे, असा त्यांचा रोख होता. कर्मसिद्धान्ताची उत्तरे मला स्वतःला पटत नाहीत; आंधळ्याचे आंधळेपण त्याच्याच खात्यावर टाकणे हीही एक निष्ठुरताच. पण प्रश्न खणखणीत होते, हे मान्यच करावे लागते.

हेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. शंकांनी मात्र बाप्तिस्म्यानंतरही त्यांची पाठ सोडली नाही. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेण्यापर्यंत आणण्यात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता, आणि रमाबाईंनी तरी कुठे सगळे डोळे मिटून घेतले? त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कसे मानायचे, येशूच्या देवत्वाचा अर्थ काय, यावर त्या आपल्या धर्ममाता जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला त्या तयार नव्हत्या. श्रद्धा ठेवणारे आणि शंका घेणारे असे दोन कप्पे पाडणाऱ्यांनी ही दोन माणसे विसरू नयेत.

जालन्याची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा बापाच्या ताब्यात आला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, अशी बाजू घेऊन बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या गदारोळात ख्रिस्ती मत खरे की खोटे, याची चर्चा जवळजवळ नव्हती. वाद पंगतीचा होता.

पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखात जालन्याला आले. दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळाली आणि तिथे बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. आलेले बहुतेक लोक अस्पृश्य मानलेल्या जातींचे. विहिरीवर पाणी भरू देणारा, लिहायला शिकवणारा, जमीन कसायला देणारा धर्म त्यांच्यासमोर होता. ‘हे भाकरीसाठी बाटले’ असा टोमणा तेव्हापासून आजवर ऐकू येतो. टोमणा मारणाऱ्याची भाकरी ठरलेली असते, म्हणून त्याला भाकरी आणि सत्य वेगळे काढता येतात.

मराठवाड्यात आणखी एक बाजू होती, जी पुण्या-मुंबईच्या वादांत फारशी दिसत नाही. इथे राज्य मुस्लिम होते. इस्लाम येशूला, म्हणजे ईसाला, कुमारीपोटी जन्मलेला पैगंबर मानतो, त्याचे चमत्कारही मानतो; पण तो देवाचा पुत्र नव्हे आणि वधस्तंभावर मेला नाही, असे सांगतो. शेजाऱ्याच्या घरी तीच कथा वेगळ्या शेवटाने सांगितली जाते, ही शंका बाहेरच्या नास्तिकाच्या शंकेहून खोल रुतते. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि मिशनरी फांडर यांचा जाहीर वाद झाला. कैरानवींचे सहकारी डॉ. वझीर खान यांच्याकडे युरोपातल्याच बायबल-चिकित्सकांची पुस्तके होती. बायबलच्या प्रतींत काही ठिकाणी नकलनवीसांचे फेरफार झाले आहेत, एवढे ख्रिस्ती पक्षाला भर सभेत कबूल करावे लागले. आणि ते खरेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रतींत नाहीत; त्रैक्याला थेट आधार देणारे योहानाच्या पहिल्या पत्रातले वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत सापडत नाही. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळींत योसेफाच्या बापाचे नावसुद्धा वेगळे आहे. हा वाद उर्दूत फिरला, आणि पुढे उर्दूच निजामाच्या कारभाराची भाषा झाली.

आर्य समाजाने उदगीर भागात जोर धरला तेव्हा दयानंद सरस्वतींच्या ‘सत्यार्थप्रकाश’चा तेरावा समुल्लास, म्हणजे प्रकरण, हाताशी आला, त्यात बायबलची वचने एकेक घेऊन त्यांची खिल्ली उडवली आहे. मराठवाड्यात आर्य समाजाचा मुख्य झगडा निजामाशी होता, ख्रिस्ती हा दुय्यम विषय, म्हणून त्यावर इथे रेंगाळत नाही.

सर्वांत दूरवर गेलेला प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांचा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली तेव्हा ख्रिस्ती नेत्यांच्या आशा उंचावल्या. येवला म्हणजे मराठवाड्याचा उंबरठाच. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या दलितांची स्थिती तपासली आणि बोट नेमके ठेवले: तुझी अवनती तुझ्या पापामुळे आहे असे शिकवले, तर माणूस अवनती घडवणाऱ्या समाजाशी कशाला भांडेल? पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये त्यांनी येशूच्या दाव्याशेजारी बुद्धाला उभे केले. आपण देवपुत्र आहोत हे मानल्याशिवाय मुक्ती नाही, ही येशूची अट. बुद्ध स्वतःला मोक्षदाता म्हणवत नाही, फक्त मार्गदाता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून शिकून गेलेल्या पिढ्यांना ख्रिस्ती धर्मावरची ही शंका मत्तय-लूकच्या विसंगतींपेक्षा कितीतरी जवळची वाटली. पुनरुत्थान झाले की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तारणारा बाहेरून यावा लागतो का, हा होता.

अलीकडे वस्तीवस्तीत होणाऱ्या, प्रार्थनेने आजार बरे करू म्हणणाऱ्या चंगाई सभांनी चमत्कार पुन्हा मध्यभागी आणून ठेवला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा धर्म पाहत नाही. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक झाली की तो पास्टरलाही लागू होतो आणि बुवालाही. बरे वाटल्याची साक्ष देणाऱ्यांत किती जणांचा विश्वास आहे, हे मात्र बाहेरून मोजायची सोय नाही. कागदावरचा धर्मही त्यात उपयोगी नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले; ख्रिस्ती म्हणून नोंद केली की तो दर्जा जातो. म्हणून रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या कित्येकांच्या दाखल्यावर धर्म हिंदूच असतो, आणि जनगणनेतला आकडा त्या दाखल्याच्या बाजूने बोलतो.