टार्गेट रायफलच्या स्टॉकची जुळवणी

टार्गेट रायफलचा स्टॉक, म्हणजेच दस्ता, नेमबाजाच्या अंगाच्या मापाला आणि त्याच्या उभे राहण्या-झोपण्याच्या ढबीला बरोबर बसेल असा लावून घेण्याची ही क्रिया आहे. स्पर्धेच्या रायफलीत खांद्याला टेकणारी बटप्लेट, गाल टेकण्याचा चीकपीस, पिस्तूल ग्रिप, पुढच्या हाताला अडवणारा हँडस्टॉप आणि नेम धरायच्या साईटची उंची हे सगळे सरकवता, वळवता आणि स्क्रूने घट्ट करता येते. रायफल दर शॉटला त्याच जागी, तेवढ्याच दाबाने बसावी आणि मान न हलवता डोळा साईटच्या मागे यावा, यासाठी ही खटपट असते. केवळ आराम हा तिचा निकष नाही. आरामशीर वाटणारी पण दर वेळी थोडी वेगळी बसणारी रायफल सामन्यात दगा देते, आणि पहिले काही दिवस अवघड वाटणारी, पण न चुकता त्याच जागी येणारी रायफल गुण मिळवून देते.

पूर्वी स्टॉक अक्रोडाच्या एकाच लाकडातून घडवलेला असे. माप जुळले नाही तर कानस मारून लाकूड कमी करायचे किंवा चामड्याच्या पट्ट्या लावून वाढवायचे, एवढेच उपाय होते. हलणारी बटप्लेट आणि चीकपीस आले तेव्हा हे काम उलटे फिरवता येऊ लागले, कारण चुकलेले माप परत आणता येते, कापलेले लाकूड परत येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ॲल्युमिनियमचे स्टॉक रुळले. त्यांत जवळपास प्रत्येक भागावर मोजपट्टीच्या खुणा असतात.

एवढ्या बारकाव्याची गरज का पडते, ते आकड्यांवरून कळते. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटरने बाहेर सरकते. गुण दशांशात मोजले जातात, म्हणजे पाव मिलिमीटर चुकले की एक दशांश गेला. आता मागच्या आणि पुढच्या साईटमधले अंतर ७५ सेंटिमीटर धरू. डोळा मधोमध नसल्यामुळे मागच्या छिद्रातून जाणारी नजरेची रेषा ०.१ मिलिमीटरने सरकली, तर टार्गेटवर छर्रा सुमारे १.२ मिलिमीटर बाजूला पडतो. नेमबाजाला काळे वर्तुळ पुढच्या साईटच्या रिंगमध्ये अगदी मधोमध दिसत असते, त्याच्या हिशेबाने शॉट निर्दोष असतो, आणि तरी जवळजवळ पाच दशांश गेलेले असतात. चांगली रायफल शिकंजात आवळून डागली तर छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. म्हणून विखुरलेल्या गटाचे, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांच्या पुंजक्याचे, कारण नळीत शोधण्याआधी माणूस आणि रायफल जिथे एकमेकांना टेकतात तिथे शोधावे.

सुरुवात कुठून करावी

कोणताही स्क्रू सैल करण्याआधी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा खटका, काढून ठेवावा किंवा उघडा ठेवून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसण्याच्या जागेत, रायफल रिकामी असल्याची खूण दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घालावा. ॲलन की हातात असताना रायफलचे तोंड कुठेही वळते, त्यामुळे ही शिस्त घरीही पाळायची असते.

पहिली पायरी रायफलीची नसून शरीराची आहे. शूटिंग जॅकेट, पँट आणि बूट घालूनच माप घ्यावे. जॅकेटच्या जाडीमुळे खांदा आणि बटप्लेट यांतले अंतर बदलते, म्हणून साध्या कपड्यांत केलेली जुळवणी रेंजवर लागू पडत नाही. रायफल हातात न घेता नेमबाजाने पोझिशन घ्यावी : वजन हाडांवर, स्नायू सैल, डोके सरळ, नजर समोर. मग प्रशिक्षकाने किंवा सोबत्याने रायफल आणून त्या शरीरात बसवावी आणि कुठे पोकळी राहते, कुठे भाग आडवा येतो ते पाहावे. शिंप्याने गिऱ्हाईक सरळ उभे करून अंगाचे माप घ्यावे, तसेच हे काम आहे. नवशिके बहुधा याच्या उलट करतात. ते तयार रायफलला गाल लावायला मान वाकवतात, खांदा पुढे काढतात आणि काही महिन्यांत त्या वाकड्या ढबीचीच सवय करून घेतात. ती मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

बटप्लेट

सर्वांत आधी बटची लांबी. बट लांब असेल तर खांदा मागे ढकलला जातो, ट्रिगरचा हात ताणला जातो आणि डोके साईटपर्यंत पोचवायला मान पुढे काढावी लागते. आखूड असेल तर चेहरा मागच्या साईटला भिडतो आणि मान आखडते. डोळा आणि मागची साईट यांत साधारण ५ ते १० सेंटिमीटर अंतर राहावे असे बहुतेक प्रशिक्षक सांगतात. हे अंतर मान हलवून मिळवायचे नसते. ते बटची लांबी आणि साईटची जागा यांतून मिळवायचे.

मग उंची. बटप्लेट वर सरकवली की रायफलचा मागचा भाग खाली जातो आणि नळी वर उठते, खाली सरकवली की नळी खाली येते. उभ्या पोझिशनमध्ये डोके सरळ ठेवून रायफल डोळ्यांच्या पातळीवर आणायची असते, म्हणून बटप्लेट बरीच खाली असते. झोपून नेम धरताना ती सर्वांत वर जाते. गुडघे टेकून धरताना या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

बटप्लेटचे वळण आणि कल या गोष्टी दुर्लक्षित राहतात, आणि माझ्या मते हेच या जुळवणीतले सर्वांत मोठे दुर्लक्ष आहे. खांद्याचा खळगा सरळ उभा नसतो, थोडा तिरका असतो. बटप्लेट त्या तिरकेपणाशी जुळवून फिरवली नाही तर तिचे वरचे किंवा खालचे टोकच टेकते आणि रायफल त्या टोकावर डुलते. जॅकेटवर बटप्लेट पूर्ण लांबीने टेकली आहे का, हे सोबत्याने बोट फिरवून पाहावे. पॉइंट टू टूच्या (.२२ इंच बोअरच्या) रायफलीत गोळी नळीत असतानाच धक्का सुरू झालेला असतो. त्यामुळे खांद्यावरचा दाब शॉटागणिक बदलला तर गोळी नळीबाहेर पडण्याची दिशाही बदलते आणि गट वर-खाली लांबट होतो.

ग्रिप आणि ट्रिगर

ग्रिपवर हात असा बसावा की बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सपाट पडेल आणि ट्रिगर सरळ मागे ओढला जाईल. बोट स्टॉकला घासता कामा नये. हात लहान असेल तर ट्रिगरचे पाते मागे सरकवावे, मनगट ताणू नये. ग्रिप जेमतेम पकडावी की घट्ट, याबद्दल प्रशिक्षकांत मतभेद आहेत. पकड दर वेळी सारखी हवी, याबद्दल मात्र कोणाचेही दुमत नाही.

चीकपीस

चीकपीस लावण्याची वेळ बट आणि ग्रिप पक्के झाल्यावर येते. आधी लावला तर पुढचा प्रत्येक बदल त्याची जागा बिघडवतो. डोळे मिटून डोके सहज चीकपीसवर सोडावे, दोन-तीन श्वास घ्यावे आणि मग डोळे उघडावे. पुढच्या साईटची नळी मागच्या छिद्राच्या मधोमध दिसली तर काम झाले. एका बाजूला सावलीची कोर दिसत असेल तर चीकपीस हलवावा, डोके हलवू नये. डोके खाली असेल तर चीकपीस वर, डोळा साईटच्या रेषेपर्यंत पोचतच नसेल तर चीकपीस आतल्या बाजूला पातळ करावा.

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. ते वजन गालाच्या हाडाखाली, सरळ खाली उतरावे. गाल बाजूने दाबून ठेवला तर रायफल त्या दाबाशी झगडत राहते, आणि शॉट सुटताना चेहरा ढिला पडला की नळी बाजूला निसटते. आडव्या पसरलेल्या गटाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

मान लांब असेल तर चीकपीस कितीही हलवला तरी पुरत नाही आणि नेमबाज भुवईखालून बघू लागतो. अशा वेळी साईटखाली राइझर ब्लॉक, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, घालून दोन्ही साईट वर उचलाव्यात. डोके सरळ राहिले तर तोल सांभाळणाऱ्या कानातल्या यंत्रणेलाही मदत होते, आणि उभ्या पोझिशनमध्ये तोल हाच खरा प्रश्न असतो.

काही नेमबाज रायफल आतल्या बाजूला थोडी कलती धरतात, कारण त्यामुळे डोके सरळ राहते. त्यात काही वावगे नाही, मात्र कल दर वेळी तेवढाच हवा. साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा १० मीटरमध्ये सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. साईट त्या हिशेबाने लावलेली असते, म्हणून कल पाच अंशांनी बदलला की छर्रा जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला जातो.

पुढचा हात

झोपून आणि गुडघे टेकून नेम धरताना रायफलचे वजन स्लिंग, म्हणजे दंडाला बांधलेला पट्टा, आणि हाडे उचलतात. हँडस्टॉप किती पुढे यावरून कोपराचा कोन आणि नळीची उंची ठरते. प्रोनमध्ये, म्हणजे झोपून, तो सर्वांत पुढे असतो, पण मर्यादा आहे : पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी होता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. साईटमध्ये नाडीचे ठोके दिसू लागले तर स्लिंग दंडावर वर-खाली सरकवून पाहावी किंवा हँडस्टॉप थोडा मागे घ्यावा. ५० मीटरच्या उभ्या पोझिशनमध्ये स्लिंग चालत नाही. तिथे पाम रेस्ट, म्हणजे तळहाताखालचा आधार, लागतो. त्याची उंची अशी असावी की कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकला की नळी आपोआप टार्गेटच्या पातळीवर येईल.

तपासणी

जुळवणी बरोबर आहे की नाही याची कसोटी डोळे मिटून होते. नेम धरावा, डोळे मिटावे, श्वास सोडून अंग ढिले करावे आणि पुन्हा पाहावे. रायफल डावीकडे-उजवीकडे गेली असेल तर पाय किंवा पूर्ण शरीर फिरवावे. वर-खाली गेली असेल तर पाम रेस्ट, हँडस्टॉप किंवा बटप्लेटची उंची बदलावी. स्नायूंनी ओढून ती काळ्या वर्तुळावर आणली तर पहिले दहा शॉट चांगले जातील, पण साठ शॉटांच्या फेरीत ते स्नायू थकतील आणि नेम त्या थकव्याबरोबर सरकू लागेल.

प्रोनमध्ये आणखी एक कसोटी आहे. शॉट सुटल्यावर काहीही न सावरता रायफल त्याच टार्गेटवर परत येऊन थांबली पाहिजे. शेजारच्या टार्गेटकडे उडी घेत असेल तर बट खांद्यात बसलेली नाही किंवा स्लिंगचा ताण एकीकडे आहे. स्कॅटसारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रे नेमाचा माग पडद्यावर दाखवतात, त्यामुळे एखाद्या बदलाने होल्ड, म्हणजे नेमाची थरथर, लहान झाला की नुसते तसे वाटले, हे लगेच कळते.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो मोजपट्टीवरच्या आकड्यानिशी वहीत लिहावा. चीकपीस दोन मिलिमीटर वर घेतला आणि त्याच दिवशी बटही लांब केली, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. नव्या मापाला अंग सरावायला काही सत्रे लागतात. पहिल्याच दहा शॉटांवरून निकाल देऊ नये, आणि एखादा आठ लागला म्हणून सामन्यात चावी काढू नये. दुसऱ्या मोठ्या नेमबाजाची मापे उतरवून घेणेही व्यर्थ आहे, त्याची मान आणि खांदे आपले नसतात.

तीन पोझिशनच्या स्पर्धेत गुडघे टेकून, झोपून आणि उभे राहून अशा क्रमाने २०-२० शॉट असतात आणि दोन पोझिशनमधली अदलाबदल चालू घड्याळात करायची असते. त्यामुळे तिन्ही मापे स्टॉकवर रंगाने किंवा चिकटपट्टीने खुणावून ठेवतात, आणि बदलाचा सराव शॉटांइतकाच मन लावून करतात.

नियमांच्या चौकटी

जुळवणीला नियमांची मर्यादा आहे. एअर रायफलचे वजन साईटसह ५.५ किलोपेक्षा, तर ५० मीटर रायफलचे ८ किलोपेक्षा जास्त चालत नाही. ५० मीटरच्या रायफलीत बटला हुक लावता येतो, एअर रायफलला नाही. एअर रायफलवर पाम रेस्टलाही बंदी आहे. सामन्याआधी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये मापे तपासली जातात, तेव्हा सर्वांत टोकाची स्थिती नियमात बसते ना हे घरीच पाहिलेले बरे.

स्क्रू आणि बेडिंग

सगळी मापे ठरल्यावर स्क्रू पक्के करायचे. नळी आणि ॲक्शन (गोळी भरण्या-डागण्याची यंत्रणा) स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रू हे यांत वेगळे प्रकरण आहे. ते हाताच्या अंदाजाने आवळले तर ॲक्शनवरचा ताण बदलतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावूनच ते आवळावेत. लाकडी स्टॉक दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो, म्हणून त्याचे स्क्रू अधिक वेळा तपासावे लागतात. बटप्लेट आणि चीकपीसचे छोटे स्क्रू प्रवासात सैल होतात, त्यामुळे रेंजवर पोचताच वहीतल्या आकड्यांशी त्यांची जागा ताडून पाहतात. वाढत्या वयाच्या मुलांची मापे तर दर काही महिन्यांनी बदलतात. मुलाची मान वाकडी दिसू लागली की प्रशिक्षकाने त्याला सरळ बसायला सांगण्याआधी बटची लांबी मोजावी.