सॉफ्टबॉल ‘सॉफ्ट’ नसतो

‘चेंडू मऊ, फेक खालून, म्हणजे सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा सोपा अवतार.’ हा समज जुनाच आहे, आणि दोष थोडा नावाचाही. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला तो बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून केलेल्या चेंडूने. आजचा चेंडू मात्र चांगलाच टणक असतो. 12 इंच घेराचा, बेसबॉलपेक्षा मोठा आणि जडही.

राहिला वेग. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू फेकणारा) 18.44 मीटरवरून फेकतो, महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये 13.11 मीटरवरून. म्हणजे ताशी 105 किलोमीटरचा चेंडू बॅटरला साधारण 148 च्या बेसबॉलइतकाच वेळ देतो: अर्ध्या सेकंदाहूनही कमी. त्यात चेंडू कंबरेजवळून सुटतो, त्यामुळे तो उसळी घेत वर येतोय असा भास होतो.

अमेरिकेची सॉफ्टबॉल पिचर लिसा फर्नांडिसचंच बघा. सिडनी ऑलिंपिकमध्ये (2000) तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 13 डाव पिचिंग करत 25 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे 25 वेळा बॅटरला फटका जमू न देता बाद केलं. आणि तरी सामना 2-1 असा हरली! शेवटच्या डावातला एक होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) नडला. सुवर्णपदक मात्र त्या वेळीही अमेरिकेनेच नेलं. 1996, 2000 आणि 2004 अशी तिची तीन सुवर्णं. बॅटिंगही तीच करायची, तीही जोरकस. पुढे ती प्रशिक्षक झाली, तेही लॉस एंजेलिसच्या ज्या विद्यापीठाकडून स्वतः खेळली होती तिथेच.