इंधननळी (ऑइल इंजिनाची)

टाकीतले डिझेल इंजिनाच्या इंधनपंपापर्यंत आणि तेथून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत) नेणारी नळी. विदर्भात विहिरीवर, नाल्याकाठी किंवा मळणीयंत्राला जोडलेल्या एकसिलिंडरी इंजिनांवर तिचे दोन भाग असतात : टाकी ते पंप कमी दाबाचा ‘डिझेल पाइप’ आणि पंप ते नोझल जाड पोलादी ‘प्रेशर पाइप’.

प्रेशर पाइपच्या उगमाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी एकमत नाही. रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ च्या इंजिनात तेल दाबलेल्या हवेच्या झोताने सिलिंडरमध्ये जाई. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वातील (पेटंटमधील) इंजिनात मात्र पंपच तेल ढकली, म्हणून काही लेखक श्रेय त्यांना देतात. पण तो फवारा तापलेल्या कोठडीत पडे व त्याला दाब फारसा लागत नसे. जाड भिंतीच्या बारीक नळीची खरी गरज व्हिकर्स कंपनीतील जेम्स मॅकेक्नी यांच्या १९१० च्या सुमाराच्या, हवेच्या झोताविना मोठ्या दाबाने तेल फवारण्याच्या पद्धतीपासून भासू लागली, आणि १९२७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीचे इंधनपंप मोठ्या संख्येने निघू लागल्यावर ती लहान इंजिनांपर्यंत आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ऑइल इंजिन’ हे नाव बहुधा अ‍ॅक्रॉइड यांच्या काळातले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या नावात ते टिकून आहे.

डिझेल पाइपसाठी हाताशी असलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा वापरण्याची चाल आहे; ती सोडावी. डिझेलमधील अल्प आम्ले आणि पाण्याचा अंश यांची जस्ताच्या मुलाम्याशी क्रिया होऊन जस्ताचा साबण तयार होतो व फिल्टरच्या कागदावर त्याचा चिकट थर बसतो. फिल्टर बदलूनही इंजिन महिनाभरात पुन्हा दम तोडू लागले, तर आधी नळी आणि टाकी जस्ताची आहे का ते पाहावे. तांबे वाकवायला सोपे, पण ते डिझेलच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते. इंजिन रोज चालत असेल तर हा दोष जाणवत नाही. हंगामानंतर नळी भरलेली राहिली की आत डिंकासारखा थर धरतो. शिवाय कंपनाने तांबे कडक होऊन नटाजवळ चिरते, म्हणून तांब्याच्या नळीला एक वेटोळे ठेवतात. बाहेरून ८ मिमी. व्यासाची बिनजस्ती पोलादी नळी आणि इंजिनालगत नायट्राइल रबराचा (तेलात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा), आत सुताचे विणकाम असलेला हातभर तुकडा, ही जोडी सर्वांत टिकाऊ.

पारदर्शक पीव्हीसी नळीत बुडबुडा दिसतो, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण डिझेल तिला मऊ ठेवणारे द्रव्य शोषून घेते. वैशाखात पारा ४५° से.वर गेला की क्लँपखाली ती चेपते, आणि पुढे पिवळी पडून दुमडताच कटकन मोडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा डिझेलने फुगतो. ईपीडीएम हे कृत्रिम रबरही फुगते.

सांध्यांत बँजो बोल्ट, म्हणजे नळीच्या टोकाची कडी आवळणारा पोकळ बोल्ट, महत्त्वाचा. त्याच्या कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक असे दोन तांब्याचे वायसर लागतात. सील वायसरवर होते, आट्यांवर नव्हे. म्हणून तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काहीच लाभ नाही, उलट तिचे तंतू नोझलपर्यंत जातात. एकदा आवळलेला वायसर कडक होतो. नवा नसेल तर तो लालबुंद तापवून पाण्यात बुडवावा, म्हणजे मऊ होतो. मग बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट कराव्यात. रबरी नळीवर बाइंडिंग तार आवळू नये, तार रबर कापते.

पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी साधारण एक लिटर डिझेल घेते. रात्रभर पाणी चालू ठेवायचे झाले की वरची टाकी पुरत नाही, म्हणून पिंप जोडतात. पिंप इंजिनाच्या वर असेल तर सैल सांध्यातून थेंब गळतो आणि दोष लगेच कळतो. पिंप खाली ठेवून फीड पंपाने (डिझेल वर ओढणाऱ्या छोट्या पंपाने) ओढले, तर तोच सांधा बाहेर कोरडा दिसतो आणि आत हवा घेतो. इंजिन कमी-जास्त होते, भार आला की बंद पडते, आणि बिघाड नसलेला पंप उघडला जातो. असे झाल्यास पिंप घडवंचीवर चढवून सांधे पुसून पाहावेत. ओला होईल तो दोषी. नंतर हवा काढताना क्रम फिल्टर, मग पंप, मग नोझलकडचा नट असा असावा.

पिंपातील तोटी तळापासून ५ सेंमी. वर असावी, पाणी व गाळ खाली राहतो. पिंप काठोकाठ भरू नये : २०० लिटर डिझेल २५° ने तापले तर सुमारे ४ लिटर वाढते. झाकणाचे श्वासछिद्र बुजले तर पुरवठा हळूहळू थांबतो.

प्रेशर पाइपला डाग देऊन (झाळून) चालत नाही; तेथे दाब साधारण २०० किग्रॅ./सेंमी.२ असतो. तडा गेल्यास तेवढ्याच लांबीची नवी नळी घालावी. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. बारीक धार कातडीत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते, तरी तत्काळ दवाखाना गाठावा लागतो.