राजाचे तीस लाख वंशज?

‘आयर्लंडच्या एका राजाचे तीस लाख वंशज!’ ही बातमी २००६ पासून अधूनमधून फिरत असते. राजा म्हणजे ‘नऊ ओलिसांचा नीअल’, पाचव्या शतकाच्या आसपासचा, निम्मा दंतकथेतला. त्याच्या नावाचं ई नेल घराणं आयर्लंडच्या उत्तर भागात शतकानुशतकं राज्य करत होतं. ओ'डॉनेल, ओ'डोहर्टी ही आडनावं त्याच वंशावळीतली. ओ'नील मात्र दुसऱ्याच नीअलवरून आलं. तो ९१९ साली डब्लिनजवळ वायकिंगांशी लढताना पडला. त्याचं टोपणनाव ‘काळगुडघ्या’! ‘ओ’ म्हणजे नातू, ‘मॅक’ म्हणजे मुलगा.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांना वायव्य आयर्लंडात साधारण दर पाच पुरुषांमागे एकाच्या वाय गुणसूत्रावर सारखीच खूण सापडली. वाय बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. त्यातल्या डीएनएची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत टिकते. तीच ही खूण, आणि ती नीअलकडून आली असावी असा तर्क झाला.

पण एकाच माणसाचं वाय इतकं पसरतं कसं? इथे मला सगळ्यात आवडणारं गणित येतं. सरदारांची आडनावं नामशेष का होतात, हा प्रश्न इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॅल्टनने १८७३ मध्ये विचारला आणि हेन्री वॉटसन या गणितज्ञाबरोबर तो सोडवायला घेतला. समजा, प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होतो, पण कुणाला तीन, कुणाला एकही नाही. पहिल्याच पिढीत शंभरातल्या ३७ जणांचा पितृवंश संपतो. पन्नास पिढ्यांनंतर जेमतेम चार उरतात, आणि एकूण संख्या तेवढीच राहायची तर त्या चौघांचेच वंशज सगळी जागा व्यापतात. यात कुणाचा पराक्रम नाही, निव्वळ फासे. राजाचे फासे मात्र जड असतात. बापाने मान्य केलेला मुलगा, आई कोणीही असो, आयरिश रिवाजात वारस ठरू शकत असे. १४२३ मध्ये वारलेल्या टरलॉ ओ'डॉनेलला मुलांकडून ५९ नातू होते!

पुढे वाय अधिक बारकाईने वाचता आलं, तेव्हा ही खूण नीअलच्याही काही शतकं आधीची असावी असं दिसलं. म्हणजे तीस लाखांचा बाप नीअल नव्हे, त्याचा एखादा पूर्वज फार तर. तरी थुंकीची नळी पाठवा, राजघराणं शोधून देतो, असं सांगणाऱ्या कंपन्यांचा धंदा जोरात आहे. आपल्याकडचे कुळाचे अभिमानीही गिऱ्हाईक होतीलच. पन्नास पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या ११०० लाख कोटींहून जास्त जागा निघतात. एवढी माणसं पृथ्वीवर कधी नव्हतीच, तेच पूर्वज पुन्हा पुन्हा मोजले जातात. वाय सांगतं ते त्यांतल्या एकाच जागेबद्दल.