प्रसारणदर-निश्चितीचा कर्नल इंटरफेस

वाय-फाय रेडिओने कोणत्या दराने फ्रेम (माहितीचे तुकडे) पाठवाव्यात यावर वापरकर्त्याला बंधन घालता यावे, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, पुरवलेली सोय. लिनक्समध्ये हे काम आज एनएल८०२११ या नेटलिंक (प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातली संदेशवाहिनी) इंटरफेसमधून होते. त्याच्या रचनेतला मुख्य पेच अधिकाराचा आहे: दर वापरकर्त्याने ठरवायचा, कर्नलने, की चिपमधल्या फर्मवेअरने (चिपच्या आतल्या प्रोग्रॅमने)?

त्याआधीच्या वायरलेस एक्स्टेन्शन्स या इंटरफेसमध्ये आयऑक्टलद्वारे (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या जुन्या पद्धतीने) एकच आकडा दिला जाई, सोबत ‘हाच ठेवा’ किंवा ‘याच्या वर जाऊ नका’ अशी खूण. ८०२.११बी या जुन्या वाय-फाय मानकाचे चारच दर होते (सेकंदाला १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट), तोवर ते पुरेसे होते. २००९ च्या ८०२.११एनने ही सोय मोडीत काढली. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर १३ मेगाबिट हा दर एका प्रवाहातून (एका वेळी हवेत सोडलेल्या एका माहितीधारेतून) मिळतो आणि वेगळ्या मॉड्युलेशनने, म्हणजे लहरींवर बिट चढवण्याच्या वेगळ्या पद्धतीने, दोन प्रवाहांतूनही. नुसते ‘१३’ म्हटल्याने ड्रायव्हरला काहीच कळत नाही. शिवाय तो आकडा ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात, बिट प्रतिसेकंदात लिहिलेला असल्याने सुमारे २.१ गिगाबिटच्या पुढे जागाच उरत नाही.

म्हणून एनएल८०२११ एक दर न मागता मुखवटा मागते: प्रत्येक बँडसाठी (लहरींच्या पट्ट्यासाठी) परवानगी असलेल्या दरांची यादी. जुने दर ५०० किलोबिटच्या एककात, म्हणजे ५.५ साठी ११. नव्या मानकांचे दर एमसीएस क्रमांकांनी (मॉड्युलेशन आणि कोडिंगच्या जोडीला दिलेल्या क्रमांकांनी). यादीतून नेमका दर निवडण्याचे काम मॅक८०२११ या कर्नलमधल्या वाय-फाय भागातल्या मिन्स्ट्रेलसारख्या अल्गोरिदमकडे राहते. तो काही फ्रेम निव्वळ चाचपणीसाठी खर्च करतो आणि कोणता दर प्रत्यक्षात पोचतो हे पाहतो.

ही विभागणी योग्यच म्हणावी लागेल. गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरातून (पोफळी-माडांच्या बागेतून) पलीकडच्या घरापर्यंत जोडणी टाकली आणि मे महिन्यात दर कायमचा बांधून ठेवला, तर जूनमध्ये ती लंगडू लागेल. पाऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना फारसा अडवत नाही. पोफळी-माडांची भिजलेली पाने अडवतात. मात्र वापरकर्त्याला अजिबात बोलू न देणेही चूक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या गर्दीत १५०० बाइटांची फ्रेम १ मेगाबिटने गेली तर हवेतला १२ मिलिसेकंदांहून अधिक वेळ खाते. ५४ मेगाबिटने पाव मिलिसेकंदाच्या आसपास. तिथे खालचे दर गाळण्याचा अधिकार राउटर लावणाऱ्याला हवाच.

पण मुखवट्याने सगळेच दर झाकले तर? नेटवर्कच्या मूलभूत दरांपैकी (जे त्यातल्या प्रत्येक उपकरणाला यायलाच हवेत) एकही शिल्लक राहत नसेल, तर मॅक८०२११ ती मागणी नाकारते. काहीतरी पाठवता आलेच पाहिजे. मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेल्या) फ्रेमना पोच मिळत नसल्याने अल्गोरिदमला त्यांच्यावरून शिकता येत नाही, त्यामुळे मेश आणि अ‍ॅड-हॉक (मध्यवर्ती राउटरशिवाय उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात अशा) जाळ्यांत त्यांचा दर स्वतंत्र गुणधर्माने सांगता येतो. दर फर्मवेअरच ठरवत असलेल्या चिपांमध्ये मुखवटा कितपत पाळला जाईल हे ड्रायव्हरवर अवलंबून असते.

प्रयोगासाठी एकच दर सक्तीने लावायचा असेल, तर मिन्स्ट्रेलने डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलव्यवस्थेत) वेगळी फाइल ठेवली आहे. नेटलिंकचा गुणधर्म एकदा दिला की जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो जपावा लागतो. डीबगएफएसवर तसे बंधन नाही, आणि अशा हत्याराची जागा तिथेच आहे.