रुपयाची चांदी आणि सोनाराची मूस

जुने पैंजण मोडीत घालायला नेले की जाणता सोनार ते तसेच कसोटीवर ओढत नाही. आधी कानशीने एक कोपरा खोलवर घासतो आणि आतल्या धातूचा कस घेतो. चांदीत तांबे असते. घडवताना दागिना पुन्हापुन्हा तापतो, आम्लात उजळला जातो आणि वरच्या थरातले तांबे निघून जाते. उरते ती पांढरी, जवळपास शुद्ध चांदीची साय. तिच्यावर घेतलेला कस हमखास चढा येतो.

तांबे घालण्यात मुळात लबाडी नाही. निव्वळ चांदी मऊ असते. तिचे वाळे सहज वाकतात, जोडव्यांवरची नक्षी लवकर झिजते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या रुप्याच्या नाण्यात सोळा माषांपैकी चार माषे तांबे, एक माषा लोखंड, कथील, शिसे किंवा अंजन यांपैकी एक, आणि चांदी अकराच माषे. खरा प्रश्न भेसळ किती आणि ती सांगून केली की लपवून, हाच राहिला आहे.

मराठी मुलखात तर एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे निरनिराळ्या कसाचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलताना होणारी वजावट, वेगळा. नाणी पारखणारे पोतदार म्हणूनच मोलाचे. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम), आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. सोनाराला याहून सोयीचे काय हवे होते? वजनही ठरलेले, कसही ठरलेला. गिऱ्हाइकाने आणलेले रुपये मोजायचे आणि मुशीत टाकायचे.

१८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहू लागली आणि रुपये आटवणे तोट्याचे झाले. पहिल्या महायुद्धात पारडे फिरले. चांदी इतकी महागली की १९१७ मध्ये सरकारला नाणी वितळवण्यावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट आली. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. बाकी ४० टक्के तांबे, ५ निकेल, ५ जस्त. निकेल चांदीत नीट मिसळत नाही. म्हणजे हा रुपया थेट दागिन्यासाठी आटवण्याच्या कामाचा राहिला नाही. १९४७ च्या रुपयात चांदीच नव्हती.

मुशीतले चांदीचे वर्तन मात्र तेव्हाही आजच्यासारखेच होते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ ला. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे एकत्र केले की रस ७७९ अंशांलाच होतो, दोघांपेक्षाही आधी! ९२५ ची चांदी, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, साधारण ८०० अंशांना सुटू लागते आणि ८९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. मधल्या टप्प्यात ती लापशीसारखी असते. तेव्हाच घाईने ओतली तर साचा नीट भरत नाही. शिवाय वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या वीसेक पट प्राणवायू पिते आणि थिजताना तो बाहेर फेकते. कांब फुगते, छिद्रे पडतात. टाकणखार आणि कोळसा वापरायचा तो हवा दूर ठेवण्यासाठी. तरीही तापवताना हवा आत शिरलीच तर आतल्या तांब्याचा ऑक्साइड होतो आणि पॉलिश केल्यावर राखाडी-जांभळट डाग दिसतो. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर जॉन्स यांनी थोड्या तांब्याऐवजी जर्मेनियम घालून त्यावर उत्तर काढले.

आज हुपरीसारख्या चांदीच्या गावात बोली होते ती टंचावर, म्हणजे शुद्धतेच्या आकड्यावर. हॉलमार्क चांदीसाठी २००५ पासून आहे, पण सोन्यासारखी सक्ती नाही; १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांकही आला. पैंजणांचा घोळ तरी वेगळाच. प्रत्येक कडीला झाळ, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, लागते, आणि झाळ मूळ धातूआधी वितळावी म्हणून तिच्यात तांबे आणि जस्त जास्त घालावे लागते. त्यामुळे ९२५ च्या तारेचे पैंजणही अख्खे आटवले की टंच ९२५ च्या खाली उतरतो.